न नेलेले क्रूस

तोसचा क्रूस जळाला हे मला जानेवारीतल्या एका मंगळवारी कळलं. माझी बायको तोस जाऊन तेव्हा अकरा महिने होत आले होते. मी बाजारातून कांदे आणि दोन हेरिंग मासे घेऊन सायकलवरून घरी निघालो होतो. चर्चचं बाजूचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून एक जाड पिवळी नळी बाहेर येऊन फुटपाथवर धूळ ओकत होती. त्या चर्चच्या छपरावर मी चाळीस वर्षं काम केलं, पण आत बिनकामाचा कधी गेलो नाही. त्या दिवशी सायकलवरून उतरलो, कारण त्या दारातून उत्तरेची भिंत दिसते आणि ती भिंत रिकामी होती. खिळ्यांच्या चार ओळी तेवढ्या शिल्लक होत्या. भिंतीचा चुना मेणबत्त्यांनी काळवंडला होता आणि प्रत्येक खिळ्याखाली क्रूसाच्या आकाराचा एक पांढरा डाग होता. आमच्याकडे कुणी गेलं की त्याच्या नावाचा वीतभर लाकडी क्रूस चर्चमध्ये टांगतात. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सगळ्यांची नावं वाचतात, घरचं माणूस उठून पुढे जातं, क्रूस काढून घेतं आणि घरी नेतं. मग त्याच खिळ्यांवर पुढच्या वर्षीची माणसं. त्यामुळे ते पांढरे डाग कुणा एकाचे नव्हते. तोसचा खिळा तिसऱ्या ओळीत, डावीकडून पाचवा. मी मोजून पाहिला. तिथेही डागच होता.

आत बाकं उचकटायचं काम चाललं होतं. एक मुकादम पुढे आला आणि म्हणाला, "आजोबा, हेल्मेटशिवाय आत यायचं नाही." मी त्याला सांगितलं की तुझा बाप शाळेत होता तेव्हापासून मी या छपराच्या कण्यावरून चाललोय, हेल्मेट नाही, वर आदल्या रात्रीची बिअर डोक्यात. तो म्हणाला, मग नशीबवान आहात, तरी बाहेरच थांबा. उर्मट नव्हता. क्रूसांचं विचारलं तर म्हणाला, आम्ही आलो तेव्हा भिंत अशीच होती, आम्हाला फक्त बाकं आणि फरशी काढायची आहे, पुढे इथे बेचाळीस घरं होणार आहेत. फरशी काढायची आहे हे त्याने मला असं सांगितलं, जसं पावसाचं सांगतात. ती फरशी तोसने एकतीस वर्षं पुसली. तिचा देवावर किती विश्वास होता मला माहीत नाही, आम्ही त्यावर कधी बोललो नाही. फरशीवर होता. दर शुक्रवारी सकाळी ती आणि तिची मैत्रीण रीट बादल्या घेऊन जायच्या आणि दुपारी गुडघे चोळत परत यायच्या. तिचं चर्च खाली होतं, माझं वर. माझं चर्च म्हणजे पाटीच्या दगडाची कौलं, शिशाच्या पट्ट्या, पन्हाळीत कुजलेली पानं, कावळ्यांची घरटी आणि कमानींच्या पाठीवर साठलेली शंभर वर्षांची धूळ. खालून जे आकाशासारखं दिसतं ते वरून उलट्या टोपल्यांसारखं दिसतं, ओबडधोबड, कुणी गिलावासुद्धा केलेला नाही. मधल्या कमानीत दिव्याची साखळी जायला एक भोक आहे, मुठीएवढं. एकदा मी तिथे पालथा पडून खाली पाहिलं. नव्वद फूट खाली तोस फरशी पुसत होती. तिच्या डोक्याचा मधला भांग दिसत होता आणि हात पुढे-मागे. मी हाक मारली नाही. ती कुठल्याच माणसासाठी तशी बसलेली नव्हती, आणि मला वाटलं, आपण इथे असायला नको. संध्याकाळी तिला सांगितलंही नाही. लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

मी सायकल ढकलत रीटकडे गेलो. बसलो असतो तर लवकर पोचलो असतो, तीनच गल्ल्या. पण मला लवकर पोचायचं नव्हतं. चर्च बंद झाल्यावर आतल्या वस्तूंचं काय करायचं हे रीटकडे होतं, सगळ्यांना माहीत होतं. पाद्र्यांचे कपडे पोलंडला गेले, पेले बिशपच्या कचेरीत, बाकं कुणा हॉटेलवाल्याने घेतली. उरलेलं किरकोळ रीटने बघितलं. तिने दार उघडलं आणि माझं तोंड बघून आधी कॉफी ठेवली. मग नेहमीसारखं एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मी क्रूसांचं विचारलं तेव्हा तिचा चेहरा उजळला, हे मला विसरता येत नाही. जणू कुणीतरी विचारावं म्हणून ती वाट बघत होती. म्हणाली, अकरा राहिले होते, कुणी न्यायलाच आलं नाही. चर्च बंद होण्याआधीच्या शेवटच्या रविवारच्या आधी, शनिवारी, ती एकटी गेली. पाद्री नव्हता, त्याला तीन चर्चं सांभाळायची असतात. तिने मागच्या अंगणात कढई ठेवली, एकेक नाव मोठ्याने वाचलं, एकेक क्रूस आत ठेवला, प्रत्येकासाठी एक प्रार्थना म्हटली आणि राख उत्तरेच्या भिंतीलगत झाडाखाली पुरली. "एकही कचऱ्यात गेला नाही, ड्रीस," ती म्हणाली. "तोसने घालून दिलं होतं, अगदी तस्संच केलं."

तोसनेच घालून दिलं होतं, हे खरं आहे. बरीच वर्षं झाली. न नेलेले क्रूस कुणीतरी कोंडाळ्यात टाकलेले तिला सापडले होते, केळ्याच्या सालींखाली. ती घरी आली ती रागाने पांढरी पडली होती. बटाटे सोलता सोलता म्हणाली, माणसं विसरतात ते विसरू देत, पण आपण त्यांना सालींखाली घालायचं नाही. मग तिनेच नियम केला. पवित्र केलेली वस्तू जाळायची आणि राख मातीत घालायची, चर्चमध्ये वाटलेल्या जुन्या ताडाच्या फांद्यांचं करतात तसं. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या आदल्या शनिवारपर्यंत वाट बघायची, नंतर नाही. जाळायला काहीतरी हवं म्हणून माझ्याकडे आली. मी तिला शिसं वितळवायची माझी जुनी लोखंडी कढई दिली, एक कान तुटलेली. म्हणजे कढईसुद्धा माझीच.

मी विचारलं, "तोसचाही?" रीटने कप खाली ठेवला. म्हणाली, "तो सगळ्यात शेवटी. मला वाटलं तू नक्की येशील. चार वाजेपर्यंत थांबले होते, अंधारून आलं." मग तिने जे विचारलं ते साधं होतं. "तू का नाही आलास? मी पत्र टाकलं होतं की तुझ्या दारात."

मी म्हणालो, "कसलं पत्र?"

"नावं वाचायची होती त्याचं. आणि शनिवारचं. सगळ्यांना टाकलं. स्वतः सायकलवरून जाऊन."

"मला नाही मिळालं."

मी हे का म्हणालो ते नीट सांगायला हवं, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही. पत्र मला मिळालं होतं. ते स्वयंपाकघराच्या खणात होतं, रबरबँड आणि जुन्या बल्बांबरोबर, आणि मी ते दोनदा वाचलं होतं. त्यात दिवस होता, वेळ होती, आणि खाली लिहिलं होतं की शनिवारपर्यंत जे नेले जाणार नाहीत त्यांची व्यवस्था नेहमीच्या पद्धतीने केली जाईल. नेहमीची पद्धत काय, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मी गेलो नाही. क्रूस भिंतीवर होता तोवर ती कुठेतरी होती, माणसांत होती, शेजारी डावीकडे बेकरीवाला आणि उजवीकडे ती लठ्ठ शिक्षिका. घरी आणला असता तर तो मला एखाद्या खोलीत ठोकावा लागला असता आणि मग ती त्या खोलीत मेलेली राहिली असती. मला वाटलं, नाही नेला तर काय करतील, राहू देतील. चर्च बंद होतंय हे माहीत होतं, शनिवार माहीत होता, कढई माहीत होती, आणि तरी मला असं वाटलं. माणूस अशा वेळी काय विचार करतो हे मी समजावून सांगू शकत नाही. मी छपरं दुरुस्त करणारा माणूस आहे.

त्या क्रूसाखेरीज तिचं दुसरं काहीच नव्हतं, हेही सांगायला हवं. आमच्याकडे थडगं नाही. तोसने स्वतःचं शरीर विद्यापीठाला देऊन टाकलं होतं, डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकायला. कागदावर सही करून मग मला दाखवला. मी म्हणालो, तुला विचारायची पद्धत आहे की नाही? ती म्हणाली, "एकतीस वर्षं फरशी पुसली, त्याने गुडघ्यांचं काय झालं ते कुणीतरी उघडून बघू दे की." तिचे विनोद असेच. ती कार्निव्हलच्या सोमवारी गेली. बाहेर गल्लीत ढोल होते, बेडकाचे आणि नर्सचे कपडे घातलेले पुरुष भिंतींना धरून उभे होते. पाळीवरचा डॉक्टर आला, भला मुलगा, पण त्याच्या कानाच्या पाळीवर कार्निव्हलची चमकी राहिली होती, सोनेरी. तो नाडी बघत होता आणि मी चमकी बघत होतो. शरीर एका दिवसाच्या आत पोचवावं लागतं, म्हणून मंगळवारी सकाळीच करडी गाडी आली. मिरवणुकीमुळे तिला उलट्या बाजूने वळसा घालावा लागला. नंतर राखही देत नाहीत. कागदात ते आधीच लिहिलेलं असतं. चर्चमध्ये प्रार्थना झाली ती फोटोपुढे. आणि मग भिंतीवर तो क्रूस.

तो क्रूस तिने स्वतः रंगवला होता. दरवर्षीचे सगळेच तीच रंगवायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, काळा रंग, बारीक ब्रश, पट्टी. गेलेल्याचं नाव कळलं की त्याच संध्याकाळी बसायची. गाठीचं कळल्यावर, ती जायच्या महिनाभर आधी, जानेवारीतल्या एका दुपारी मी आत आलो तर ती रंगवत होती. आता कोण गेलं, म्हणून मी वाकून पाहिलं. तिचं नाव होतं, जन्मतारीख होती, मग एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पुढचं रीट भरेल. तुझा हात थरथरतो." माझा हात थरथरत नव्हता. त्या हाताने मी पाऊसवाऱ्यात कौलाला भोक पाडायचो, एका टोल्यात, कौल न फोडता. मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन सायकलच्या साखळीला तेल घातलं. साखळीला तेलाची गरज नव्हती. नंतर रीटने तारीख भरली, फार नीट, शाळेत शिकवतात तशा आकड्यांत. म्हणजे त्या वीतभर लाकडावर दोघींचे हात होते आणि माझा नव्हता, आणि ते रीटने माझ्या कढईत जाळलं होतं. कॉफी पिता पिता हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि समोर रीट उजळ तोंडाने बसली होती. कदाचित म्हणूनच मी नाही म्हणालो. तो उजेड मला बघवत नव्हता.

बघता बघता तो गेला. ती म्हणाली, पण मला तुझं दार आठवतंय, पत्राची फट घट्ट होती, बोट अडकलं होतं. माझ्या दाराची फट घट्टच आहे. ती म्हणाली, सव्वीस पाकिटं होती, का पंचवीसच? मग उठून तिने टेबल पुसलं, जे स्वच्छ होतं. मी निघालो तेव्हा तिने माझा हात धरून माफी मागितली, आणि मी म्हणालो, झालं ते झालं. मोठ्या मनाने म्हणालो. गल्लीच्या कोपऱ्यावर मला जाणवलं की मला बरं वाटतंय. तोस गेल्यापासून सगळे माझ्याशी असे बोलत होते जसं काही हे हवामान आहे, कुणाचाच दोष नाही. डॉक्टरचा नाही, गाठीचा नाही, देवाचा तर नाहीच. आता पहिल्यांदा कुणाचातरी दोष होता, आणि तो तीन गल्ल्या पलीकडे राहत होता. घरी आलो, हेरिंग तळले आणि दोन्ही खाल्ले.

त्यानंतर रीट दर गुरुवारी यायला लागली. वाटाण्याचं घट्ट सूप आणायची, आत सॉसेज. मी ते खायचो. ती समोर बसून पुन्हा पुन्हा त्याच संध्याकाळची उजळणी करायची. आधी बेकरीवाल्याची विधवा, मग कालव्यापलीकडची दोन घरं, मग पाऊस आला, मग तुझं घर, का तुझ्या घराआधी पाऊस आला? मी मान हलवायचो. मी तिला एकदाही थांबवलं नाही. सूप चांगलं असायचं. फेब्रुवारीत ती गॅसवर दूध विसरली. तशी ती आयुष्यभर दूध विसरत आली असेल, पण या वेळी तिने ते लक्षात ठेवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं. मग चिठ्ठ्या वाढल्या. तिच्या फ्रीजवर, दारावर, पाकिटात. मार्चमध्ये तिची मुलगी मार्लीस मला दुकानात भेटली. म्हणाली, ड्रीसकाका, आईचं काही लक्षात आलं का तुमच्या? मी म्हणालो, काय लक्षात येणार, वय झालंय सगळ्यांचंच. ती म्हणाली, तुमच्या पत्रापासून सुरू झालं, आई म्हणते मला ते टाकलेलं डोळ्यांपुढे दिसतं आणि टाकलेलं तर नाही, मग माझ्या बाकीच्या आठवणींचं काय? मार्लीसच्या हातात अंड्यांचा खोका होता. तिच्यामागे रांगेत माणसं होती. मी म्हणालो, तिला सांग, मनाला लावून घेऊ नकोस.

डॉक्टरांनी रीटला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. काढता आलं नाही. ती मला म्हणाली, काटे येत होते रे, पण मी विचार करत बसले की आपल्याला येतंय असं वाटतंय, पण पत्राचंही तसंच वाटलं होतं. वारही चुकली. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी. असेलही. मी काही डॉक्टर नाही. तिने चर्चच्या सभागृहाच्या किल्ल्या परत केल्या आणि सायकल नातीला दिली. गुरुवारी चालत यायला लागली, पातेलं पिशवीत घालून, आणि येताना रस्ता बरोबर आहे ना म्हणून पाट्या वाचत. मी खिडकीतून तिला येताना बघायचो. ती आमच्या कोपऱ्यावर थांबायची, पाटी वाचायची, मग पुढे यायची. चाळीस वर्षं ती या गल्लीत येत होती. प्रत्येक गुरुवारी मी ठरवायचो की आज सांगायचं. पहिल्यांदा न सांगणं म्हणजे एक खोटं होतं. मार्चनंतर सांगणं म्हणजे तिला हेही सांगणं की तू चिठ्ठ्या लिहीत होतीस तेव्हा मी तुझं सूप खात होतो. मी खण उघडून पत्र बघायचो. एकदा वाटलं जाळून टाकावं, म्हणजे मिळालं नाही हे खरंच होईल. पण जाळणं आता माझ्याने होत नाही.

चर्चच्या भिंतींत उन्हाळ्यात खिडक्या पाडल्या. उत्तरेच्या बाजूला सायकली ठेवायची शेड आली, तिच्या पायासाठी झाड काढलं आणि माती ट्रकमधून कुठेतरी गेली. कुठे गेली ते मी विचारलं नाही. छपराचं काम करणाऱ्या कंपनीने मात्र मला विचारायला माणूस पाठवला, पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणी कुठून येतंय. मी त्याला सांगितलं. बरोबर निघालं.

रीटचं जायचं ठरलं ते सप्टेंबरात. कालव्यापलीकडे वृद्धांचं निवास आहे, खाली जेवणघर, वर खोल्या, प्रत्येक दारावर नाव आणि फोटो, कारण काहींना नाव वाचून आपली खोली कळत नाही. मी आणि मार्लीसच्या नवऱ्याने तिचं कपाट उचललं. त्याची पाठ दुखत होती म्हणून जड बाजू माझ्याकडे. रिकाम्या घरात रीट कोट घालून खुर्चीवर बसली होती. मार्लीस गाडीत सामान लावत होती. रीटने मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "ड्रीस, वर गेल्यावर तोस भेटली आणि तिने विचारलं, माझा क्रूस नवऱ्याच्या हातात का नाही दिलास, तर मी काय सांगू?"

मी म्हणालो, "सांग, ड्रीसलाच विचार."

ती हसली. तिला वाटलं मी तिचं ओझं हलकं करतोय. माझ्या गालावर तिने थोपटलं आणि म्हणाली, तू फार चांगला वागलास माझ्याशी, दुसरा कुणी असता तर तोंड बघितलं नसतं. मग मार्लीस आली, दोघींनी मिळून दार ओढून घेतलं, आणि मी रस्त्यात उभा राहिलो. गाडी वळली तेव्हा रीट पुढच्या सीटवर बसून हातातली चिठ्ठी वाचत होती. त्यावर नवा पत्ता होता.

निवासात भेटायची वेळ दुपारी दोन ते चार. मी चारदा जाऊन आलो. तिथली कॉफी पातळ असते, बिस्किटं मात्र डबा उघडा ठेवून देतात. रीट इतरांना माझी ओळख करून देते, हा तोसचा ड्रीस, याचं पत्र मी हरवलं. तिथल्या बायका माझ्याकडे बघून मान हलवतात. एक जण म्हणाली, होतं असं बाई, मीही एकदा नवऱ्याला हरवलं होतं, बाजारात. सगळ्या हसल्या, रीटही हसली. मीही. पहिल्या दोन खेपांना पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. नंतरच्या दोन खेपांना मी ते घरीच ठेवलं. येत्या गुरुवारी पुन्हा जायचं आहे. पत्र मला मिळालं होतं, हे रीटला अजून सांगितलेलं नाही.